कॅम निवडायचा कुणासाठी

"तात्या, गाडीला कॅम टाकायचाय."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. सकाळचा चहा अजून पोटात उतरलेला नसतो, शटर अर्धंच वर गेलेलं असतं, आणि समोर एक बहाद्दर बुलेटवर बसून, एक पाय जमिनीला टेकवून, मोबाइल माझ्या नाकासमोर धरतो. मोबाइलमधे कुठलातरी दाढीवाला उभ्या गाडीचा आवाज काढत असतो. डुग... डुगडुग... डुग. "असला पायजे," म्हणे.

अंक काढणारी आमच्या गल्लीतली पोरं म्हणाली, तात्या, तुमच्या धंद्यातल्या चार गोष्टी लिहा. मी म्हटलं, माझी शाळा लवकर सुटली, आणि खरं लिहिलं तर कुणाला गोड लागायचं नाही. ती म्हणाली, खरंच लिहा. तर लिहितो. जन्म कुठं झाला, गॅरेजचा नारळ कुणी फोडला, ते सांगत बसत नाही. आष्ट्याला गॅरेज आहे, हात अजून चालतात, बायको हौसा गेल्या श्रावणात गेली. एवढं बास.

आता कॅम म्हणजे काय ते सांगतो, कारण टाकायचाय म्हणणाऱ्या बहुतेकांनाच ते ठाऊक नसतं.

इंजिनाला दोन दारं असतात. त्यांना आम्ही वॉल म्हणतो. एका दारातनं पेट्रोल आणि हवा आत येते, दुसऱ्यातनं धूर बाहेर जातो. ही दारं आपली आपण उघडत नाहीत. आत एक लोखंडाचा फिरता तुकडा असतो, त्याला एका बाजूनं पोट सुटलेलं असतं. पोट फिरून वर आलं की दार उघडतं, खाली गेलं की मिटतं. तो कॅम. दार किती उघडायचं आणि किती वेळ उघडं ठेवायचं, हे त्या पोटाच्या घडणीवर. विद्या म्हणून एवढीच.

जोरात पळायच्या कॅमचं पोट मोठं असतं. दारं लांब वेळ उघडी राहतात, मधे थोडा वेळ तर दोन्ही एकदमच उघडी. गाडी सुसाट असली की हे लय भारी काम करतं. बाहेर पडणारा धूरच ताज्या हवेला आत ओढून घेतो. पण गाडी सावकाश असली की? घराचं पुढचं-मागचं दार सताड उघडं टाकून चूल पेटवून बघा. फुंकून फुंकून डोळे लाल होतील. आलेलं पेट्रोल आल्या वाटेनं परत जातं, इंजिन खोकतं, अडखळतं. आणि ते जे खोकणं आहे ना, त्यालाच ही मंडळी आवाज म्हणतात! दमेकऱ्याला कुणी गायला बसवतं का? पण सांगायचं कुणाला.

शिवाय कॅम एकटा येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो. वॉलच्या स्प्रिंगा बदलायच्या, कार्बोरेटरचे जेट बदलायचे, पुढच्या-मागच्या चक्राचे दाते बघायचे. वॉल जास्त खाली उतरून पिस्टनच्या डोक्यावर आपटत नाही ना, हे इंजिन आधी हातानं फिरवून बघायचं. किक मागनं. यातलं काही न करता नुसता कॅम बसवणं म्हणजे नवरदेव तेवढा आणला आणि वऱ्हाड वेशीवर ठेवलं.

म्हणून मी आधी तीन प्रश्न विचारतो. गाडी कुठं चालते? मागं कोण बसतं? चालवतं कोण? एवढ्यावरच लोकांना राग येतो. एक बागायतदाराचा पोरगा आला होता, मोबाइलवाला आवाज घेऊन. मी विचारलं, "गाडी कुठं कुठं जाती रं?"

"मळा, कारखाना, आष्टा."

"आन् हंगामात?"

"तवा बी तेच की."

"मग वाटंत पुढं काय असतंय?"

"ट्रॉल्या."

"ट्रॉलीमागं किती पळतोस?"

त्यानं विचार केला. पोरगं खरं बोलणारं होतं. "पळत न्हाई तात्या, सरकतोय."

"मग गड्या, हा कॅम ट्रॉलीला बसव. ती पळाली तर तू पळशील."

गेला फणकाऱ्यानं. जाऊ दे.

माझा कॅमवर राग आहे असं समजू नका. म्हसवडकडचा एक जण आला होता, तिकडं मोकळी सरळ सडक, एकटा हिंडणारा गडी. त्याला मी स्वतः मोठा कॅम निवडून दिला, सगळं वऱ्हाड जेवू घातलं. अजून ती गाडी तोफेसारखी चालते. राग आहे तो न विचारता निवडण्यावर. त्याचीच ही गोष्ट.

सारिका म्हणून आमच्या गल्लीतली लेक. गॅरेजच्या मागं तिच्या भावाचं घर. तिला दिलीय कोयनानगरच्या वरच्या अंगाला एका गावात. तिथंच उपकेंद्रात नर्स आहे. नवरा महेश फौजेत. घरात बुलेट आहे ती महेशची. त्या गावच्या रस्त्याला स्कूटर दम टाकते, म्हणून सारिका बुलेटच चालवायला शिकली. हँडलच्या मागं ही, मागच्या शिटावर गावची आशाताई, आणि आशाताईच्या मांडीवर बर्फात ठेवलेल्या लसींचा डबा. असा तो रथ वस्त्यावस्त्यांनी फिरतो.

भाऊबीजेला दोघं माहेरी आली. दुसऱ्या दिवशी महेश गाडी घेऊन माझ्याकडं. हातात खोका. खोक्यात कॅम, मोबाइलवरनं मागवलेला. सारिका त्याच्या मागं, हातात माझ्यासाठी फराळाचा डबा.

"तात्या, ह्यो बसवायचा. एकदम कडक."

मी कॅम बाहेर काढून अंगठ्यानं पोट चाचपलं. गरवार बाईसारखं पोट! शर्यतीचा कॅम. मी विचारलं, "गाडी चालवतं कोण?"

"मी."

"तू सुट्टीला येतोस. बाकी वरीसभर?"

"ही चालवती. पण गाडी माझी हाय, तात्या."

"गाडी तुजी हाय रं. घाट कुणाचा हाय?"

तो हसला. फौजी माणसं हसून सोडून देतात. "तात्या, तिची प्रॅक्टिस हाय. आमच्या पोस्टवर एकाची गाडी हाय, काय आवाज काढती! मी त्याला सांगितलंय, पुढच्या टायमाला माजी ऐक म्हणून."

मी सारिकाकडं बघितलं. ती फराळाच्या डब्याचं झाकण दाबत होती. ते आधीच घट्ट बसलेलं होतं.

मी कॅम खोक्यात टाकला, खोका त्याच्या हातात दिला. "घाटात वळणावर गाडी हळू होती, तवा ह्यो कॅम झोपतोय. चढाला जीव सोडला तर जड गाडी मागं येती. मी बसवणार न्हाई."

"मग सांगलीला बसवतो."

"बसव. सांगली काय लांब न्हाई."

दोन दिवसांनी माझ्या दारात येऊन उभा राहिला. मुद्दाम. गाडी उभ्या जागी सोडलेली, लंगड्या घोड्यागत आवाज. डुग... डुगडुग... डुग. चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. महेशचं तोंड असं फुललेलं! सुट्टी संपलेली माणसं. जाऊ दे म्हटलं.

ऊस तुटून रानं मोकळी व्हायला लागली, तेव्हा एका रविवारी दुपारी तोच आवाज परत दारात आला. बघतो तर सारिका. एकटी. कोयनेपासनं आष्ट्यापर्यंत ती गाडी तिनं ओढत आणलेली. उजव्या कोपराला पट्टी.

"तात्या, काढा ह्यो कॅम."

"पडलीस?"

"वळणावर पुढं येस्टी होती. ती थांबली, मी थांबली. सुटायला गेली तर इंजिनानं खाल्ली कच. परत चालू करस्तोवर गाडी मागं सरकली. आशाताईनं डबा पोटाशी धरला आन् मारली उडी. गाडी माझ्यावर आडवी. खाली दरी न्हाई, गटार होतं, म्हणून हितं हाय."

"डबा?"

"डब्याला काय झालं न्हाई. आशाताई आता गाडीवर बसंना झाल्यात. म्हणत्यात, मी आपली चालत यीन. चालत आल्या तर वरच्या वस्तीला दिवस मावळतोय."

"नवऱ्याला सांगितलंस?"

"न्हाई."

"का?"

तिनं कोपराची पट्टी नीट केली. मग म्हणाली, "काढा, पण आवाज ह्योच ऱ्हायला पायजे."

मी हातातला पाना खाली ठेवला. "काय?"

"रोज सांजच्याला त्यांचा व्हिडिओ कॉल येतोय. आदी म्हणत्यात, गाडी चालू कर. मग फोन सायलेन्सरपाशी धरायचा. डोळं मिटून ऐकत्यात. मग आई कशी हाय, मग मी."

आता माझा संताप तुम्हीच समजा. मी म्हटलं, "आदी गाडी, मग आई, मग बायको? भले शाब्बास! आन् मी काय करू? म्या गॅरेजवाला हाय का बँडवाला? तुला चढ चढायचाय, त्याला आवाज ऐकायचाय. कंपनीचा कॅम घालतो, गाडी गायीगत चढंल, गायीगत वाजंल. त्याला काय ऐकायचं ते ऐकू दे."

"आवं तात्या, तिथं वर बर्फात त्यास्नी दुसरं काय ऐकायला मिळतंय?"

"तिथलं मी बघू?"

"आन् एक सांगू? हसू नका." ती स्टुलावर बसली. आमची हौसा बसायची त्या. मी उठ म्हणालो नाही. "वरच्या वस्त्यांवर फोन लागत न्हाई. आदी मी जाऊन दारोदार हाका मारायची. आता दोन वळणं खालनंच ह्यो आवाज जातोय. बाया म्हणत्यात, नर्सबाई आली, आन् लेकरं काखंत घिऊन देवळापाशी येऊन बसत्यात. साध्या आवाजाला कोण वळत न्हाई. दुधाची गाडी बी तशीच वाजती."

ह्याला काय म्हणायचं? ज्या खोकण्याला मी आयुष्यभर शिव्या घातल्या, त्याच्यावर त्या बाया लेकरं टोचायला आणत होत्या. मला आणखीनच राग आला. आपलं म्हणणं बरोबर असावं, आणि समोरच्याचंही असावं, यासारखा वैताग नाही.

मांडणीवरनं मी तीन कॅम काढून तिच्यापुढं ठेवले. एरवी हे गिऱ्हाइकाला दाखवत नाही. तिला म्हटलं, अंगठा फिरव. तिनं फिरवला. कंपनीचं पोट बेताचं. शर्यतीचं बघितलंच. आणि एक मधला. दार उघडतं जरा जास्त, पण मिटतं वेळेवर. चुलीवर फुंकर बसते आणि जाळही मोठा निघतो. खालच्या, म्हणजे सावकाश चालीच्या ओढीला तो कंपनीच्या कॅमला हार जात नाही. आवाज थोडा भरीव, पण लंगडत नाही.

"ह्याचा आवाज वस्तीला पोचंल?"

"सायलेन्सरनं थोडं जुळवून दीन. उभ्या गाडीचा वेग खाली आणला तर आणखी जड वाजंल, पण तेवढं करणार न्हाई. ऑईल वर पोचत न्हाई मग. आवाजापायी इंजिन मारायचं न्हाई."

"मग ह्योच घाला."

कामाला लागलो. साईडचं कव्हर काढलं, सांगलीवाल्यानं स्प्रिंगा जुन्याच ठेवल्या होत्या त्या बघून चार शब्द बोललो, ते इथं लिहीत नाही. कॅमच्या खुणा जुळवल्या, इंजिन हातानं फिरवलं, कुठं अडत नाही याची खात्री केली, टॅपेट लावले. सारिका बॅटरी धरून उभी होती. मधनंच म्हणाली, "तात्या, जेवला का आज?" मी म्हटलं, "उजेड इकडं धर."

दिवस कलला तेव्हा पहिली किक मारली. गाडी चालू झाली, आणि तेवढ्यात तिच्या फोनची घंटी वाजली.

ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "उचल."

महेशचं तोंड दिसलं. कानटोपी, नाक लाल. "कुठं हाईस?"

"आष्ट्याला. तात्यांकडं."

"का? बरं, चालू हाय न्हवं गाडी? ऐकव."

तिनं फोन सायलेन्सरपाशी नेला. मी मनात म्हटलं, बर्फात बसून काय कळतंय ह्याला. फोन परत तोंडासमोर आला तेव्हा तो डोळे उघडून बघत होता.

"ह्यो आवाज न्हाई."

 तिथं मागं कुणीतरी हिंदीत काहीतरी ओरडत होतं.

"सारके, कॅम काढलास?"

"काढला."

"कुणाला इचारून?"

"घाटात पडलो आमी. मी आन् आशाताई."

"कवा?"

"गेल्या लसीच्या दिवशी."

"आन् मला आज सांगतीस? रोज बोलतोय की आपण!"

"रोज तुमी गाडीसंगं बोलता."

मी चिंधीनं हात पुसत बाहेर आलो. खरं तर हात पुसून झाले होते. आत भांडण पेटलं होतं. तो म्हणत होता, लागलं कुठं ते दाखव. ती म्हणत होती, आता कशाला दाखवू. तो म्हणत होता, इथं तो आवाज आला की अंगणात उभं असल्यागत वाटतंय, तुला काय कळायचं. ती म्हणत होती, अंगणात मी बी असती, माजा आवाज कवा ऐकला तुमी?

मी पायरीवर बसून राहिलो. लोकांना वाटतं, बायको गेली की माणसाला तिचं गोड बोलणं आठवत असेल. मला नाही आठवत. हौसा माझ्याशी रोज भांडायची. ऑइलचे हात पदराला पुसले म्हणून, गिऱ्हाइकाला तोडून बोललो म्हणून, डबा तसाच परत आला म्हणून. आता डबाच येत नाही. घरात सगळं जिथल्या तिथं असतं आणि कुणी काही बोलत नाही. आतनं त्या दोघांचा आवाज चढत होता, आणि मला वाटत होतं, भांडा लेको. लवकर मिटवू नका.

मग महेशनं मला फोन द्यायला सांगितलं.

"तात्या, उद्या सकाळी माजाच कॅम परत बसवा. मी तिला सांगतो वळणावर गेर कवा बदलायचा ते. प्रॅक्टिसची गोष्ट हाय."

"फोनवरनं गेर बदलायला शिकवतोस व्हय?"

"तात्या, ऐका की..."

आणि नेटवर्क गेलं. त्याचं तोंड तसंच अर्धं उघडं राहून गोठलं, मग काळं झालं.

 शर्यतीचा कॅम बाकड्यावर पडला होता, सारिका त्याच्याकडं बघत राहिली. म्हणाली, "सकाळी येती," आणि भावाकडं निघून गेली.

आता सांगा, मी काय करायचं? गाडी त्याची. हुकूम त्याचा. कोपर तिचं. मला वाटलं, सकाळी येईल आणि म्हणेल, घाला तात्या, त्यांचाच घाला. आमच्याकडच्या बायका असंच म्हणतात. म्हणू दे, मी बसवणार नाही, दुसरीकडं जा म्हणेन, असं ठरवून झोपलो. पण दुसरीकडं जाऊन काय होतं ते तर बघितलंच होतं.

सकाळी ती आली ती चावी मागतच. "तात्या, मागं बसा."

"कुठं?"

"डोंगरावरच्या देवळाला. चढ बघायचाय. डबा धरा मांडीवर." लसीचा डबा तिनं पाण्याच्या बाटल्यांनी भरून आणला होता.

"आगं, मी? ह्या वयात? बाईमाणसाच्या मागं? टपरीवरची माणसं काय म्हणतील?"

"म्हणू द्यात. आशाताई तुमच्यापेक्षा जड हाईत."

बसलो. गावातनं जाताना टपरीवरनं हाक आलीच, "तात्या, वरात कुठं चालली?" मी डबा घट्ट धरून सरळ बघत राहिलो. हजारो गाड्यांवर मी पुढं बसून कॅम तपासला असेल. मागं बसून पहिल्यांदाच. मागं हातात काही नसतं. क्लच नाही, ब्रेक नाही. पुढच्या माणसाची पाठ दिसते, आणि इंजिन बुडाखाली काय म्हणतंय तेवढं कळतं.

डोंगराचा चढ लागला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. गाडी खालूनच ओढत होती, खोकत नव्हती. तिसरं वळण सगळ्यात उभं. तिथं मधोमध तिनं ब्रेक मारला आणि दोन्ही पाय टेकवले. मागं बघितलं तर नुसता उतार. 

"हितं कशाला थांबलीस?"

"हितंच थांबायचं असतंय तात्या. येस्टी काय इचारून थांबत न्हाई."

खाली मळ्यातनं दोन बाया मान वर करून बघायला लागल्या होत्या. म्हणजे आवाज पोचत होता. इंजिन जागेवर ठोके देत होतं, एकसारखे, भरलेले. मी डबा पोटाशी धरला. उडी मारायला एक पाय सैल सोडून ठेवला, खोटं कशाला बोलू.

तिनं पहिला गेर टाकला. क्लच सोडला. गाडीनं नाक वर केलं आणि निघाली. बोटभरही मागं आली नाही.

वरच्या सपाटीला लागल्यावर ती पुढं बघतच मोठ्यानं म्हणाली, "तात्या, ह्योच ऱ्हाऊ द्या. आवाजाचं काय ते मी बघती त्यांच्यासंगं."

मी मागं होतो, तिचं तोंड मला दिसलं नाही. तिनं गाडी दुसऱ्यात टाकली, मग तिसऱ्यात, आणि मला ओरडली, "पाय वर घ्या आता. पोचलो आपण."